विश्लेषण : अंडे लहान-मोठे कशामुळे होते? कोंबडीच्या खाद्याचा आणि तुमच्या खिशाचा संबंध काय?

तांदूळ, डाळ, चिकन आपण वजनावर घेतो. अंडी मात्र नगावर. त्यामुळे ट्रेमधली अंडी लहान निघाली तरी भाव तोच राहतो. हा आकार ठरतो कसा?

फरक किती पडतो?

भारतीय प्रतवारीनुसार ६० ग्रॅम व त्याहून अधिक वजनाचे अंडे ‘अतिमोठे’, ५३ ते ५९ ग्रॅमचे ‘मोठे’, ४५ ते ५२ ग्रॅमचे ‘मध्यम’ आणि ३८ ते ४४ ग्रॅमचे ‘लहान’. सुट्या विक्रीत ही प्रत क्वचितच सांगितली जाते. घाऊक भावही शंभर नगांवर जाहीर होतो.

हिशेब करून पाहा. ५५ ग्रॅमची ३० अंडी म्हणजे १,६५० ग्रॅम. ४८ ग्रॅमची ३० अंडी म्हणजे १,४४० ग्रॅम. फरक २१० ग्रॅमचा, म्हणजे एका ट्रेमागे चार अंडी कमी मिळाल्यासारखेच.

खाद्यातला कोणता घटक महत्त्वाचा?

लेअर कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. त्यात मुख्यतः मका आणि सोयाबीन पेंड असते. अंड्याच्या वजनात सुमारे ६० टक्के वाटा पांढऱ्या भागाचा असतो आणि तो प्रथिनांपासून बनतो. मका-सोयाबीनच्या खाद्यात सर्वात आधी कमी पडते ते मेथिओनिन हे अमिनो आम्ल. ते कमी पडले की अंडे लहान होते. टंचाई वाढली तर अंड्यांची संख्याही घटते.

दुसरा घटक लिनोलेइक आम्ल. हे मेदाम्ल मका आणि तेलातून मिळते. ते कमी पडले की बलक आणि पर्यायाने अंडे लहान राहते.

कॅल्शियम वाढवले तर अंडे मोठे होते का?

नाही. शिंपले किंवा चुनखडीतून मिळणारे कॅल्शियम कवच मजबूत करते, आकार वाढवत नाही.

सगळे खाद्यावरच अवलंबून असते का?

नाही. जात, वय आणि वजनही महत्त्वाचे. तलंग १८ ते २० आठवड्यांची झाली की अंडी द्यायला लागते. ही पहिली अंडी लहानच असतात. वयाबरोबर ती मोठी होतात. मात्र वाढीच्या काळात पोषण कमी मिळून तलंगीचे वजन कमी राहिले, तर पुढेही तिची अंडी तुलनेने लहान राहतात.

उन्हाळ्यात काय होते?

उकाड्यात कोंबडी कमी खाते. खाद्यात १७ टक्के प्रथिने असतील, तर ११० ग्रॅममधून तिला १८.७ ग्रॅम प्रथिने मिळतात. ९५ ग्रॅमच खाल्ले तर जेमतेम १६ ग्रॅम. म्हणून उन्हाळ्यात खाद्यातील अमिनो आम्लांचे प्रमाण वाढवतात आणि पहाटे व संध्याकाळी खाद्य देतात.

इथेनॉलचा संबंध कुठे येतो?

अंड्याच्या उत्पादनखर्चात सर्वात मोठा वाटा खाद्याचा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल निर्मितीवर निर्बंध आणल्यानंतर मक्याकडे ओढा वाढला. मका महागला आणि कुक्कुट व्यावसायिकांनी शुल्कमुक्त आयातीची मागणी केली. ऑगस्ट २०२४ मध्ये उसावरील निर्बंध उठले, तरी मक्याला इथेनॉलचा मोठा ग्राहक मिळाला तो मिळालाच.

इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा (डीडीजीएस) स्वस्त पर्याय म्हणून खाद्यात वापरला जातो. त्यात प्रथिने असतात, पण लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. मूळ धान्याला बुरशी असेल तर तिचे विष चोथ्यात अधिक प्रमाणात उतरते. त्यामुळे तपासणी न करता चोथा वापरला, तर खाद्याचा खर्च वाचतो; पण अंड्याचे वजन आणि कोंबडीचे आरोग्य दोन्ही धोक्यात येते.

मग मोठेच अंडे घ्यावे का?

तसे नाही. मोठे अंडे म्हणजे अधिक पौष्टिक अंडे नव्हे. ग्रॅममागे प्रथिने जवळपास सारखीच असतात. उलट म्हाताऱ्या कोंबडीच्या मोठ्या अंड्याचे कवच पातळ असते, कारण तेवढेच कॅल्शियम जास्त पृष्ठभागावर पसरते. म्हणूनच काही उत्पादक कोंबडीच्या उतारवयात मेथिओनिन मुद्दाम कमी करून आकार आवरतात.

ग्राहकासाठी सोपा उपाय एकच : पुढचा ट्रे घेताना तो वजनकाट्यावर ठेवा. रिकाम्या ट्रेचे वजन वजा करा, ३० ने भागा आणि मग भाव महाग की स्वस्त ते ठरवा.