पारिभाषिक इंग्रजी कोणी शिकवावे?

पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग १८५४ साली सुरू झाला. तेव्हापासून या विद्येचे माध्यम इंग्रजीच राहिले. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून पदवीशिक्षण देण्यास अनुमती दिली आणि पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशाखेची मराठी तुकडी निघाली. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु त्यामुळे इंग्रजी परिभाषेचा प्रश्न निकालात निघाला, असे मानणे भाबडेपणाचे होईल. मराठीतून शिकलेल्या अभियंत्यालाही यंत्रांची माहितीपत्रके आणि संशोधनपत्रिका बव्हंशी इंग्रजीतूनच वाचाव्या लागणार आहेत.

या प्रश्नावरचा रूढ उपाय म्हणजे शब्दांची यादी देऊन ती पाठ करून घेणे. वस्तुतः लांबलचक, अनोळखी शब्द विद्यार्थ्याला फारसे अडवीत नाहीत, कारण ते तो मुद्दाम शिकतो. त्याला चकवतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. ‘यील्ड’ हा शब्द शेतकीत एकरी उत्पन्न दर्शवितो, धातुशास्त्रात कायमची विरूपता जेथे सुरू होते ती अवस्था सांगतो, तर अर्थशास्त्रात रोख्यावरील परतावा. ‘स्ट्रेस’ आणि ‘स्ट्रेन’ या दोहोंना व्यवहारात आपण ‘ताण’च म्हणतो, यंत्रशास्त्रात मात्र पहिला म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल आणि दुसरा म्हणजे मूळ लांबीशी लांबीतील बदलाचे गुणोत्तर.

केवळ मराठी प्रतिशब्द दिल्यानेही ही अडचण सरत नाही. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांचे मोलाचे कार्य केले आहे. तथापि ‘स्ट्रेन’साठी ‘विकृती’ हा शब्द प्रथमच ऐकणाऱ्या मुलाच्या मनात भलताच अर्थ उभा राहतो. संकल्पना समजल्यावाचून शब्द, मग तो कोणत्याही भाषेतला असो, पोकळच राहतो.

याखेरीज ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘व्हेअरॲज’ यांसारखे सर्व शास्त्रांना समाईक असे शब्द आहेत. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अशा ५७० शब्दकुलांची यादी प्रसिद्ध केली. हे शब्द विषयाचा शिक्षक गृहीत धरतो आणि इंग्रजीचा शिक्षक पत्रलेखन व मुलाखतीची तयारी यांत गुंतलेला असतो. परिणामी ते कोणीच शिकवीत नाही.

म्हणून पारिभाषिक शब्द शिकविण्याची जबाबदारी मुख्यतः विषयाच्या शिक्षकाने घ्यावयास हवी. नवा शब्द येईल त्या दिवशी फळ्यावर इंग्रजी संज्ञा व मराठी प्रतिशब्द शेजारी लिहावेत, संकल्पना मराठीत उकलावी आणि मग पाठ्यपुस्तकातील इंग्रजी वाक्य वर्गाकडून वाचून घ्यावे. समाईक शब्द व वाक्यरचना इंग्रजीच्या शिक्षकाने विषयाच्याच उताऱ्यांवरून शिकवावी. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत संज्ञा इंग्रजीत आणि स्पष्टीकरण मराठीत लिहिण्याची मुभा असावी.

अभ्यासक्रम पुरा करण्यासच वेळ अपुरा पडतो, हा आक्षेप अपेक्षित आहे. परंतु गणितात हुशार असलेला मुलगा केवळ प्रश्नाची भाषा न कळल्याने नापास झाला, तर त्याचे वर्ष, वडिलांनी कर्ज काढून भरलेले शुल्क आणि त्याचा आत्मविश्वास ही सारी किंमत कोणी तरी मोजतच असते. ती महाविद्यालयाच्या जमाखर्चात दिसत नाही, एवढेच. तिच्या तुलनेत तासातील पाच-सात मिनिटांचा हा खर्च कोणत्याही हिशेबाने अल्पच ठरेल.