नस काढली, नळी धुतली का?

भवानीनगर काय, सणसर काय, आमच्याकडे रूट कॅनालला ‘नस काढली’ म्हणतात. डॉक्टरांनी बारीक सुया फिरवल्या, आत काहीतरी भरलं, वर कॅप बसवली, संपलं. मधे पिचकारीने जे ‘पाणी’ मारतात ते चूळ भरण्यापुरतं, असाच बहुतेकांचा समज. खरं तर सुया वाट रुंद करतात आणि जंतूंचा बंदोबस्त मुख्यतः ते पाणी करतं. ते असतं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरगुती ब्लीचच्याच जातीचं. आता त्यालाच दोन प्रकारचे लोक नाकं मुरडतात.

पहिल्यांचं म्हणणं, एवढं जहाल केमिकल दातात कशाला, आपला त्रिफळा आहे की! त्रिफळ्यावर संशोधन झालंय, असं ते ठासून सांगतात. झालंय, खरंच. चेन्नईच्या संशोधकांनी 2010 साली काढलेल्या दातांवर एंटेरोकोकस फीकॅलिस या चिवट जंतूचे थर वाढवले आणि त्यावर त्रिफळा, ग्रीन टीमधली द्रव्यं आणि हायपोक्लोराइट वापरून पाहिलं. त्रिफळ्याने जंतू मारले, हे मान्य. पण त्याच अभ्यासात सर्वांत सरस ठरलं हायपोक्लोराइट, ते सांगायचं मात्र राहून जातं. शिवाय जंतू मारणं हे अर्धंच काम. नळीत मेलेल्या नसेचे धागे चिकटलेले असतात, तेच जंतूंचं खाद्य. हायपोक्लोराइट ते विरघळवतं. क्लोरहेक्सिडीन या दुसऱ्या जंतुनाशकाला ब्लीचचा दर्प नाही म्हणून ते अनेकांना आवडतं, पण त्यालाही हे जमत नाही. उलट हायपोक्लोराइटमध्ये मिसळलं तर तपकिरी-नारिंगी साका धरतो.

दुसरे म्हणतात, सुया नीट फिरवल्या की झालं, वर पाच दिवस अँटिबायोटिकच्या गोळ्या. साखर कारखान्यात काम केलेला माणूस यावर हसेल. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत बसलेली खपली नुसत्या ब्रशने निघत नाही. कॉस्टिक सोड्याचं पाणी आत उकळवून ती भुसभुशीत करावी लागते. त्या नळ्या तरी सरळ. दाढेच्या मुळातली नळी वाकडी, मधेच चपटी, तिला केसाएवढे फाटे. काढलेल्या दाढांचे सूक्ष्म सीटी स्कॅन केले तेव्हा भिंतींचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग सुयांनी शिवलेलाच नाही, असं दिसलं. तिथे पोहोचलं तर पाणीच पोहोचणार. सुयांनी खरवडताना भिंतीवर जो भुश्शाचा लेप बसतो, तो काढायला ईडीटीए वेगळं लागतं. राहिल्या गोळ्या. नस मेली की त्या नळीत रक्तच जात नाही, मग गोळीतलं औषध जाणार कुठून? ताप असेल, सूज गालावर-गळ्याकडे पसरत असेल, तर गोळ्या हव्यातच. एरवी त्या मनाच्या समाधानाला.

हायपोक्लोराइट काही काल आलेलं नाही. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन यांनी सैनिकांच्या सडक्या जखमांसाठी त्याचं अर्धा टक्क्याचं द्रावण वापरलं. 1936 पर्यंत ते दाताच्या नळीत पोहोचलं होतं.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा. हे द्रावण मुळाच्या टोकाबाहेर गेलं तर क्षणात जीवघेणी कळ येते, गाल सुजतो, काळानिळा पडतो. पण असं होतं ते बहुतेक वेळा पिचकारीची सुई नळीत अडकवून जोरात दाबल्यामुळे. त्यावर उपाय आहे: बाजूला भोक असलेली बारीक सुई, टोकाच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडे, सैल आणि वर-खाली हलती ठेवायची, अंगठ्याचा जोर न लावता. कोयत्याने बोट कापतं म्हणून ऊसतोड कोणी नुसत्या हाताने करत नाही. दुसरं, दाताभोवती रबराचा पडदा. ब्लीच घशात जात नाही आणि थुंकी नळीत उतरत नाही. हा पडदा 1864 पासून माहीत आहे, तरी ‘पेशंटला गुदमरतं’ म्हणून कित्येक ठिकाणी तो लावतच नाहीत. माझ्या मते खुर्चीत बसण्याआधी पेशंटने विचारायचं ते याच पडद्याबद्दल. कॅप कोणत्या कंपनीची, हे नंतर.

आणि वेळेचं काय? गाळप हंगामात मराठवाड्यातून येणारा ऊसतोड मजूर ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हटल्यावर येईलच असं नाही. तोवर टोळी दुसऱ्या फडात गेलेली असते. त्याचं काम एका बैठकीत संपवायला माझी हरकत नाही. पण हायपोक्लोराइट घाणीशी झुंजताना स्वतः खर्ची पडतं, म्हणून पुन्हा पुन्हा ताजं सोडावं लागतं आणि काही वेळ आत राहू द्यावं लागतं. बाहेर रांग आहे म्हणून ते दोन पिचकाऱ्यांत उरकलं, तर तोच मजूर पुढच्या हंगामात तोच गाल धरून येईल.