लहान हातांना लहान चेंडू

वर्षाच्या गोऱ्ह्याला आपण नांगराला जुंपत नाही. त्याचा खांदा धरेपर्यंत थांबतो. मग कोसाडच्या दहा वर्षांच्या पोराच्या हाती मोठ्यांचा सात नंबरचा बास्केटबॉल का द्यावा? तो सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि कडे असते ३.०५ मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर. मनगटाचा जोर पुरत नाही म्हणून पोर कमरेपासून झोका देऊन चेंडू फेकते. ही खोड पुढे मोडणे जड जाते.

बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मिनी बास्केटबॉल आहे. त्यात पाच नंबरचा हलका चेंडू आणि कडे २.६० मीटरवर, साडेआठ फुटांवर. खर्च तो काय? खांबाला भोके पाडून कडे वरखाली करून देणारा वेल्डर जवळपास सापडतोच.

पण नुसता जन्मदाखला पाहून भागत नाही, असे आम्हांस वाटते. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्या. त्यातही पुढेमागे होतेच. एकाला मिसरूड फुटलेली, त्याच्याच वर्गातला दुसरा त्याच्या खांद्याला लागणारा. असे दोघे समोरासमोर आले की धाकटा धक्के खाऊन खेळ सोडतो, आणि थोराड अंगाच्या जोरावर जिंकतो, शिकत काहीच नाही. निदान सरावाचे गट तरी अंगकाठी पाहून पाडावेत.

वाढीच्या दिवसांत गुडघ्याखालचे हाड दुखते. त्याला नाटक म्हणू नये. उड्या कमी कराव्यात. दुखणे हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे.