दहा वेळा कुलूप ओढून पाहणं ही शिस्त नव्हे



आपल्या प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी हसत हसत सांगतंच, "सर, मला स्वच्छतेचं ओसीडी आहे!" म्हणजे काय, तर माझं दुकान चकाचक आणि माझा हिशेब चोख. माझं स्पष्ट मत आहे, हा शब्द असा मिरवणं आपण धंदेवाल्यांनी बंद करावं. कारण ज्याला खरंच हा त्रास आहे, तोही मग "मी जरा जास्तच शिस्तीचा आहे" असं म्हणून वर्षानुवर्षं गप्प बसतो.

फरक समजून घ्या. शिस्त एकदा तपासते आणि घरी जाते. ओसीडीमध्ये नको असलेला विचार डोक्यात घुसतो : कुलूप लागलं का? गल्ला मोजताना चुकलो का? तो शमवायला माणूस तीच कृती पुन्हा पुन्हा करतो. थोडं बरं वाटतं, आणि शंका परत हजर. असे विचार येणं हा वेडेपणा नाही. रॅखमन आणि डी सिल्वा यांनी १९७८ मध्येच दाखवलं की धडधाकट माणसांपैकी बहुतेकांच्या मनातही असे विचित्र विचार येतात. ते आपण सोडून देतो, ओसीडीत ते सुटत नाहीत.

आता "पुन्हा पाहिलं की खात्री होते" हा आपला लाडका समज बघा. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी निरोगी लोकांना कॉम्प्युटरवरच्या गॅस शेगडीची बटणं २० वेळा तपासायला लावली. शेवटी काय दिसलं? काय तपासलं हे लोकांना बरोबर आठवत होतं, पण ती आठवण धूसर झाली होती आणि स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा उतरला होता. २००६ मध्ये कॅनडात खऱ्या शेगडीवर प्रयोग झाला, तेव्हाही तेच. थोडक्यात, जितकं जास्त तपासाल तितकी शंका वाढते.

म्हणून घरच्यांनाही सांगतो. रात्री अकरा वाजता पोराला "जा रे, शटर बघून ये" म्हणून पाठवणं, किंवा दहाव्यांदा "हो, लावलंय कुलूप" असा धीर देणं, ही मदत वाटते. पण शंकेला खतपाणी तिथंच मिळतं.

कुणी म्हणेल, "सर, धंद्यात काळजी नको का?" हवी की! बंद करताना एक यादी ठेवा : गल्ला, लाईट, गॅस, शटर. एकदा बघा, टिक करा, निघा. साध्या काळजीला एवढं पुरतं. पण दिवसातला तासाभरापेक्षा जास्त वेळ यातच जात असेल, झोप उडाली असेल, गिऱ्हाईक ताटकळत असेल, तर यादीनं भागणार नाही. तिथं डॉक्टरच हवा.

आणि उपचार आहेत. १९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी एक पद्धत वापरली : भीती वाटते त्या परिस्थितीला सामोरं जायचं, पण तपासण्याची किंवा धुण्याची कृती करायची नाही. आज तिला ईआरपी म्हणतात, आणि ती ओसीडीवरच्या मुख्य उपचारांपैकी एक आहे. मात्र ती प्रशिक्षित तज्ज्ञाकडूनच घ्यायची, युट्यूब बघून नाही. माझा व्हिडिओ बघूनसुद्धा नाही. औषधांचाही अनेकांना उपयोग होतो. सुरुवात कुठून करायची कळत नसेल, तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे : १४४१६. फोन मोफत आहे.

शेवटचं, मालक म्हणून. तुमचा कामगार हात धुण्यात किंवा नोटा मोजण्यात अडकत असेल, तर चारचौघांत चेष्टा करू नका आणि लगेच हिशेबही करून टाकू नका. बाजूला घेऊन बोला, डॉक्टरकडे जायला सुट्टी द्या. मशीन बिघडलं की आपण मेकॅनिक बोलावतो, लाजत नाही. मग माणसाच्या बाबतीतच लाज का?