‘महिला’ राहू द्या, रकाना वाढवा

सप्टेंबर २०२१मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर स्त्रियांचा उल्लेख ‘योनी असलेली शरीरे’ असा झाला. टीकेचा भडिमार झाल्यावर संपादक रिचर्ड हॉर्टन यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या सरकारी रुग्णालयांनी प्रसूतिविभागात ‘स्त्रिया’ हा शब्द ठेवून त्याला ‘आणि बाळंत होणाऱ्या व्यक्ती’ अशी जोड दिली. ‘आई’ हा शब्दच हद्दपार झाला, अशी बोंब काही वर्तमानपत्रांनी ठोकली, ती खोटी होती.

आमचा कौल ब्रायटनला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा फलक ‘गर्भाशयमुख असलेल्या सर्व व्यक्तींनी’ असा सुरू झाला, तर ओपीडीतल्या बाकावरच्या कितीजणींना तो आपल्यासाठी आहे असे वाटेल? आपल्याकडे येणाऱ्या बायका ‘पिशवी’ म्हणतात, ‘अंगावरून जातंय’ म्हणतात. पिशवीला तोंड असते हे अनेकींना तपासणीच्या टेबलावरच कळते. तेव्हा ‘तिशीपुढच्या सर्व महिलांनी’ हे शब्द हलवू नयेत. खाली ‘पिशवी असलेल्या ट्रान्स पुरुषांनीही’ एवढी ओळ घालावी. तिला जागा ती किती लागणार?

खरी गळती मात्र नोंदवहीत होते. इंग्लंडमध्ये डॉक्टरकडे ‘पुरुष’ अशी नोंद असलेल्या ट्रान्स पुरुषाला तपासणीचे पत्र आपोआप जात नाही. ‘स्त्री’ अशी नोंद असलेल्या ट्रान्स स्त्रीला मात्र जाते, आणि तिला गर्भाशयमुखच नसते! आपल्या आशाताई आजारांची जोखीम नोंदवायला भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्येही स्त्रियांसाठी वेगळे प्रश्न आहेत. वर ‘पुरुष’ लिहिले की ते कोण विचारणार?

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२च्या गर्भपातविषयक निकालात ‘स्त्री’ या शब्दात गर्भपाताची गरज पडू शकणाऱ्या इतर व्यक्तीही धरल्या. म्हणजे तेवढ्यापुरता तरी कायदा आड येत नाही. आड येते ती आपली ‘मिसेस अमुक’ ही हाक, ‘मिस्टर आलेत का?’ हा प्रश्न आणि दारावरची ‘पुरुषांना प्रवेश नाही’ ही पाटी. (यांतले पहिले दोन अविवाहित मुलींनाही बोचतात, पण त्या आपल्याला सांगत नाहीत.)

पुढच्या वेळी केसपेपर छापायला टाकाल, तेव्हा लिंगाच्या रकान्याशेजारी ‘पिशवी : आहे / काढली / नाही’ असा रकाना घाला. हिस्टरेक्टॉमीत तोंड ठेवले की काढले, तेही तिथेच लिहा. जुन्या डिस्चार्ज कार्डावर ते शोधून सापडत नाही.