कुलूप मजबूत, पण किल्ली कोणाकडे?

१९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत गावोगाव रात्रीचे वर्ग भरू लागले. अंगठा सोडा, सही करा, असा तो काळ होता. साठीला आलेल्या आजीबाई पाटीवर नाव गिरवायच्या आणि सोसायटीच्या कागदावर पहिली सही केली की चार जणींना सांगत सुटायच्या. 'अंगठाबहाद्दर' म्हटलेले तेव्हा माणसाला लागायचे. आज त्याच घरातला बारावी झालेला नातू पैसे काढायला बँक मित्राकडे गेला, तर त्याला सांगतात, "सही नको, अंगठा ठेव." तो ठेवतो. यंत्र म्हणते, जुळत नाही.

काळ बदलला, व्यवहार बदलले, हे मान्यच आहे. पूर्वी अनुदान तालुक्याला यायचे, तिथून सोसायटीत, आणि शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत त्याला किती वाटा फुटायच्या हे जुन्या माणसांना विचारा. आता पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये २०१९ पासून तीन हप्त्यांत थेट खात्यात येतात. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचेही तेवढेच. अतिवृष्टीची मदत, पीकविमा, रोजगार हमीची मजुरी, सगळे थेट खात्यात. पैसा थेट येऊ लागला म्हणजे चोरही थेट खात्यावरच येणार. म्हणून कुलूप पाहिजे, आणि मजबूतच पाहिजे. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार किल्लीबद्दल आहे. गावातल्या पैशाच्या व्यवहाराला आज तीन किल्ल्या आहेत: मोबाईलवर येणारा ओटीपी, अंगठ्याचा ठसा आणि ग्रामपंचायतीचा डोंगल. तिन्ही ज्याच्या त्याच्याकडेच राहाव्यात म्हणून बनवल्या. पण गावागावांतून फिरताना दिसते ते असे की, किल्ल्या चालवता चालवता लोक इतके बेजार होतात की शेवटी त्या दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होतात. कुलूप तसेच लटकलेले असते, घर मात्र उघडे.

आधी ओटीपी घ्या. बँकेत आणि आधारला जो मोबाईल नंबर जोडला आहे त्यावर काही अंक येतात आणि ते थोड्या मिनिटांत भरायचे असतात. शहरात हे सोपे आहे. पण आपल्याकडे बापाच्या खात्याला पोराचा नंबर जोडलेला असतो. पोरगा सातपूर नाहीतर अंबडला कंपनीत पहिल्या पाळीला, मोबाईल त्याच्याजवळ नाही, आणि बाप केंद्राच्या खिडकीशी उभा. फोन लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. सुरगाणा, पेठच्या डोंगरात तर रेंजसाठी टेकडीवर चढायचे आणि केंद्र खाली गावात. काहींचा नंबर रिचार्जअभावी कधीच बंद पडलेला असतो. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणजे आपल्या खात्याची किल्ली भलत्याच माणसाच्या खिशात वाजू शकते.

मग यातून वाट काढली जाते. केंद्रवालाच म्हणतो, "बाबा, माझाच नंबर टाकून देऊ का? तुमची कटकट मिटेल." कटकट खरोखर मिटते, म्हणून बाबा हो म्हणतात. त्या केंद्रवाल्याच्या मनात पाप असेलच असे नाही. दिवसाला पन्नास माणसे उभी, त्यालाही घाई. पण त्या घटकेपासून खात्यावरचा प्रत्येक निरोप बाबांना सोडून त्याला जातो. पैसे आले तरी आधी त्याला कळते, आणि गेले तरी त्यालाच.

दुसरी किल्ली अंगठ्याची. आधारची सुरुवात आपल्याच नाशिक विभागात झाली. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० ला देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. म्हणजे हातावर पोट असलेल्या माणसांपासूनच या योजनेचा आरंभ झाला. पण ठशाचे यंत्र बनवणाऱ्याने त्या हाताचा विचार किती केला, असा प्रश्न पडतो. निफाड-दिंडोरीच्या बागेत छाटणीची कात्री दिवसभर चालते, मग डोळ्यांना पेस्ट लावणे, मग मोरचूद-चुन्याचे बोर्डो, मग घड बुडवणे. कांद्याच्या खळ्यावर बाया दिवसभर पात कापतात. इगतपुरी-त्र्यंबककडे आवणीच्या दिवसांत हात आठ-आठ तास चिखलपाण्यात. या बोटांवरच्या रेषा झिजतात, भेगाळतात, सोलतात. मोसम संपला की त्या पुन्हा उमटतात, पण हप्ता काही मोसम बघून येत नाही. जो जास्त राबतो त्याचाच अंगठा यंत्राला ओळखू येत नाही. आणि तो तिथून परत येतो तो आपलीच काही चूक झाल्यासारखा मान खाली घालून.

इथे आणखी एक धोका आहे. "जुळला नाही, परत ठेवा," असे तीनदा-चारदा ऐकू आले की माणूस मुकाट्याने ठेवत जातो. त्यातल्या एखाद्या वेळी ठसा जुळलेला असतो आणि पैसे निघालेले असतात, तरी पावती मागितलेली नसल्याने पत्ता लागत नाही. शिवाय ठसा ही अशी किल्ली की चोरीला गेली तरी बदलता येत नाही. २०१८ साली तेलंगणात जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे अंगठ्यांचे ठसे उचलून त्यांचे नकली ठसे बनवल्याचा प्रकार पोलिसांनी उघडकीस आणला होता. खरेदीखतावर अंगठा आपणही देतो. तेव्हा ही गोष्ट दूरची समजू नये.

तिसरी किल्ली डोंगलची, आणि ही गावकारभाऱ्यांनी नीट वाचावी. २४ एप्रिल २०२० ला, पंचायत राज दिनी, ई-ग्रामस्वराज सुरू झाले. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीची देयके त्यावरून ऑनलाइन निघू लागली. धनादेशावरच्या दोन सह्यांच्या जागी दोन डिजिटल सह्या आल्या: एक ग्रामसेवकाची, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आणि दुसरी सरपंचाची. ही सही पेनड्राइव्हएवढ्या डोंगलमध्ये असते, तिला पासवर्ड असतो. एकाने देयक तयार करायचे, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचे. देवस्थानच्या दानपेटीला दोन कुलपे लावून दोन किल्ल्या दोन विश्वस्तांकडे देतात, त्यातलाच हा शहाणपणा.

आता प्रत्यक्षात बघा. सहीची मुदत साधारण दोन वर्षांची. ती नेमकी मार्चअखेरीस संपते आणि गटारीच्या ठेकेदाराचे बिल अडकते. निवडणूक होऊन नवा सरपंच आला की नवी सही काढा, पोर्टलवर नोंदवा, मान्यता येईपर्यंत थांबा. पासवर्ड ठरावीक वेळा चुकला की डोंगल बंद. संगणक बदलला की त्याचे सॉफ्टवेअर पुन्हा घाला. सरपंच बागेत, ग्रामसेवकाकडे दोन-दोन गावे, आणि कार्यालयात रोज बसणारा एकटा संगणक परिचालक. मग काय होते? दोन्ही डोंगल त्याच्या ड्रॉवरमध्ये आणि दोन्ही पासवर्ड ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. दानपेटीच्या दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला टांगल्या!

यात तिघांचेही नुकसान आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे डिजिटल सहीला हातच्या सहीइतकीच किंमत आहे. त्याच कायद्याचे कलम ४२ सांगते की सहीची किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याच्या नावाची सही त्यानेच घ्यायची. तेव्हा "मला माहीत नव्हते, परिचालकाने केले" हे सांगून सरपंचाची सुटका होत नाही. गैरवर्तन सिद्ध झाले तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली पद जाऊ शकते. ग्रामसेवकाची नोकरी पणाला लागते. आणि तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या परिचालकावर, त्याने एक रुपयाही घेतलेला नसला तरी, पहिला संशय जातो. कोणाच्याही भल्याचा नसलेला हा रिवाज केवळ सोयीखातर चालला आहे.

महिला सरपंचांबाबत तर आणखी स्पष्ट बोलायला हवे. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतींत निम्म्या जागा महिलांना आहेत. खुर्ची बाईंची आणि डोंगल घरच्या कारभाऱ्याच्या खिशात, असे असेल तर ते आरक्षण कागदावरच राहिले. पूर्वी बाईंची सही तरी बाईंनाच करावी लागे. आता तीही गरज उरली नाही, ही प्रगती म्हणायची का?

लोक अडाणी आहेत म्हणून हे होते, असे साहेबमंडळी म्हणतात. ते खरे नाही. ज्या माणसाला औषधाचे लिटरला किती मिली हे तोंडपाठ आहे, जो निर्यातीच्या द्राक्षाची फवारणीनोंद तारखेवार ठेवतो, त्याला सहा अंक सांभाळणे अवघड नाही. फवारणीचा पंप पाठीला बसत नसेल तर आपण पाठ कापत नाही, पट्टा सैल करतो. सुरक्षेच्या साधनांचे तसेच आहे. ते हाताला बसत नसेल तर माणूस पळवाट काढणारच, आणि पळवाटेने आधी चोर आत येतो.

पट्टा सैल करता येतो, याची उदाहरणेही आहेत. पीएम-किसानच्या ई-केवायसीला जून २०२३ मध्ये चेहरा ओळखण्याची सोय आली. अंगठा नको, ओटीपी नको. एका शेतकऱ्याला आपल्या मोबाईलवरून आणखी १०० जणांची आणि आम्हा कर्मचाऱ्यांना ५०० जणांची ई-केवायसी करण्याची मुभा त्यात दिली गेली. ज्या आजींचा अंगठा कधीच उमटत नव्हता, त्यांचे काम अंगणात बसून झाले. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०२५ मध्ये निर्देश काढून, दुहेरी खात्री कायम ठेवत, एसएमएसच्या ओटीपीखेरीज इतर मार्ग बँकांना मोकळे केले. त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा. म्हणजे इच्छा असली की किल्ली बदलता येते.

तेव्हा प्रशासनाकडे आणि बँकांकडे मागणे एवढेच. जिथे अंगठा घेतला जातो तिथे डोळ्याचा किंवा चेहऱ्याचा पर्यायही असावा. ठसा जुळला नाही म्हणून कोणाला रिकाम्या हाताने पाठवू नये, नोंद करून दुसऱ्या मार्गाने ओळख पटवावी. नंबर बदलण्यासाठी बँकेने महिन्यातून एक दिवस आठवडे बाजाराच्या गावी बसावे. पंचायत समितीने डोंगलची मुदत संपण्याआधी दोन महिने सरपंचाला कळवावे आणि नव्या सरपंचाला पहिल्याच महिन्यात ते स्वतः चालवायला शिकवावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्याकडूनही काही व्हायला पाहिजे. खात्याला नंबर आपला किंवा घरातल्याचाच जोडा, आणि तो चालू ठेवा. नंबर बदलला तर आधी बँकेत आणि आधारला बदला. अंगठा उमटेना तर दहाही बोटे चालतात, हात धुऊन, कोरडे पुसून दुसरे बोट ठेवून पाहा. प्रत्येक अंगठ्याची पावती मागा, मग व्यवहार झालेला असो की नसो. ठशाची गरज नसेल तेव्हा एम-आधार ॲपवरून बायोमेट्रिक कुलूपबंद करून ठेवता येते आणि गरजेपुरते उघडता येते. ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नका, बँकेचे नाव सांगितले तरी नाही.

एवढे करूनही पैसे गेलेच तर लाजून घरी बसू नका. लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेला नियम असा की, चूक बँकेची नाही आणि आपलीही नाही, भलत्याच कोणी पैसे काढले, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवले, तर तोटा खातेदाराचा नाही. सहकारी बँकांनाही तो त्याच वर्षी लागू झाला. ओटीपी आपणच सांगून बसलो असलो तर कळवेपर्यंतचा तोटा आपला, पण कळवल्यानंतर गेलेला पैसा बँकेच्या अंगावर. म्हणून एक तासाचा उशीरही महागात पडतो.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी तर उद्याच्या उद्या एक काम करावे. कार्यालयात जाऊन आपापला डोंगल ड्रॉवरमधून काढावा, पासवर्ड बदलावा आणि ती चिठ्ठी फाडून टाकावी. देयक मंजूर करायला आठवड्याचा एक वार ठरवावा आणि त्या दिवशी दोघांनी समोरासमोर बसून, बिल वाचून, स्वतःच्या हाताने सही करावी. गावाचा पैसा आहे. त्याला आठवड्यातला एक तास द्यायला हरकत नसावी.