टोटल लॉस

मोडतोडीच्या बाबतीत इंग्रजी ही फार श्रीमंत भाषा आहे, असं माझं आपलं एक मत आहे. शाळेत आपल्याला 'टू ब्रेक' म्हणजे मोडणे एवढंच शिकवतात आणि मग वाटतं, साहेबाकडे एकच क्रियापद आहे. आपल्याकडे बघा, काच फुटते, दोरी तुटते, काठी मोडते, शिवण उसवते. कुणी "काच मोडली" म्हणालं तर लगेच कानाला खटकतं. साहेबाची मात्र काचही ब्रेक होते, दोरीही, काठीही, दिलेला शब्दही आणि हृदयही!

पण जरा खोलात गेलं की त्यांचीही गंमत कळते. गेले काही महिने मला हा नादच लागलाय. इंग्रजीत मोडण्याचा कुठलाही शब्द दिसला की त्याचं मूळ शोधायचं. (घरचे वैतागलेत. असो.) त्यातून माझ्यापुरते मी या शब्दांचे तीन ढीग केलेत.

पहिला ढीग आवाजाचा. स्नॅप, क्रॅक, स्मॅश, क्रॅश. हे शब्द नुसते मोठ्याने म्हणून बघा, काय झालं ते कळतं. कट्कन, तडकन, धाडकन म्हणताना आपलंही तेच होतं. गंमत अशी की शब्द पुढे जातो आणि आवाज मागे राहतो. 1929 साली न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला तेव्हा एकही भांडं खाली पडलं नव्हतं, तरी तो 'क्रॅश'च. आपला कॉम्प्युटर तर बिचारा अगदी मुकाट्याने क्रॅश होतो.

दुसरा ढीग गोष्टींचा. या शब्दांच्या पोटात, वस्तू कशी मोडली याची हकीकत असते. 'रुइन'च्या मुळाशी लॅटिनमधलं कोसळणं आहे. 'करप्ट'च्या मुळाशी तोडणं आहे. म्हणून फाइलही करप्ट होते आणि साहेबही. आपला 'भ्रष्ट' संस्कृत 'भ्रंश्'वरून आला, म्हणजे घसरून पडणं. तर रोमन माणूस तुटून बिघडायचा आणि आपला पडून!

'बँकरप्ट'मध्येही तेच तोडणं आहे. हा शब्द इटालियनमधून आला. पेढीवाला ज्या बाकावर बसून व्यवहार करायचा तो बाक मोडला, असा त्याचा अर्थ. इंग्लंडमध्ये दिवाळखोरीचा पहिला कायदा 1542 साली झाला, आणि त्यात दिवाळखोर म्हणजे सरळ गुन्हेगारच धरला होता. पुढे 1705 च्या कायद्याने, सगळी मालमत्ता प्रामाणिकपणे दाखवून सहकार्य करणाऱ्याला उरलेल्या कर्जातून मोकळं करायची सोय केली. बाक मोडला तरी माणसाने पुन्हा नवा बाक मांडावा, हे कायद्याच्या गळी उतरायला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

या ढिगातला माझा सगळ्यात आवडता शब्द 'फटीग'. म्हणजे थकवा. 1842 च्या मे महिन्यात व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. त्यानंतर आस का मोडतात याचा इंजिनिअर लोकांनी कसून अभ्यास सुरू केला. झेपणार नाही असा भार एकदाही पडलेला नसताना, वर्षानुवर्षं चाललेला आस एक दिवस मोडतो, हे हळूहळू ध्यानात आलं. भार तोच, पेलणारा पण तोच, फक्त लाखो वेळा. आत एक बारीकशी चीर पडते आणि दर फेरीला केसभर वाढते. बाहेरून काही दिसत नाही. याला नाव द्यायचं तर त्यांना माणसाचाच शब्द सापडला, थकवा.

1954 साली 'कॉमेट' जातीची दोन जेट विमानं तीन महिन्यांच्या अंतराने हवेतच फुटली. तेव्हा इंग्लंडमधल्या फार्नबरोला तपास करणाऱ्यांनी एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि आत पुन्हा पुन्हा दाब देत राहिले. शेवटी पत्रा फाटला. कारण तेच, धातूचा थकवा.

आता उलटं बघा. धातूला माणसाचा शब्द दिला आणि माणसाला? 'ब्रेकडाऊन'. बंद पडलेल्या यंत्राचा. म्हणजे लोखंड थकतं आणि माणूस बंद पडतो! ही अदलाबदल मला फार विचित्र वाटते. 'ब्रेकडाऊन' म्हटलं की कालपर्यंत बरं चाललं होतं आणि आज अचानक काहीतरी झालं असं वाटतं. 'थकवा' म्हटलं की आपोआप प्रश्न पडतो, किती दिवसांपासून? कशाने?

आता तिसरा ढीग, ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच. हा ढीग निकालाचा. 'टोटल लॉस', 'राइट-ऑफ', 'बियाँड रिपेअर'. यात आवाज नाही की हकीकत नाही. कुणीतरी हिशेब केला आणि खाली सही केली, एवढंच.

माझी नोकरी विम्यातली, मोटारींच्या क्लेमच्या टेबलावर, त्यामुळे 'टोटल लॉस' हा आमचा रोजचा शब्द. खूप जणांना वाटतं की गाडीचा पार चेंदामेंदा झाला की टोटल लॉस. तसं नसतं. आपल्याकडे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की ती गाडी 'कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस' धरतात. 'कन्स्ट्रक्टिव्ह' म्हणजे इथे, तसं मानून चालू. ही कल्पना आली जहाजांच्या विम्यातून. इंग्लंडच्या 1906 च्या सागरी विमा कायद्यात खरोखरचा टोटल लॉस वेगळा आणि हा मानलेला वेगळा. आपल्या 1963 च्या कायद्यातही तसंच आहे.

म्हणजे गाडी मेलेली नसते. ती दुरुस्त होऊ शकते, फक्त दुरुस्त करणं परवडत नाही. आणि कुणाला परवडत नाही? पैसे भरणाऱ्याला. तीच गाडी भंगारवाला किंवा गॅरेजवाला आनंदाने विकत घेतो, कारण त्याचा हिशेब वेगळा असतो. 'राइट-ऑफ'चंही तेच. बँकेने कर्ज 'निर्लेखित' केलं अशी बातमी आली की लोक म्हणतात, माफ केलं. माफ नसतं केलेलं. वहीत बाजूला काढलेलं असतं, वसुली चालूच राहते. बँकसुद्धा इतक्यात आशा सोडत नाही!

हे सगळं आज लिहायचं कारण सांगते. माझ्या मामेभावाला तीन वर्षांपूर्वी ते झालं, ज्याला आपण सगळे ब्रेकडाऊन म्हणतो. (त्याला विचारूनच लिहितेय.) नोकरी सुटली, बोलणं कमी झालं. परवा एका मुंजीत जेवणाच्या पंगतीत आपल्यातलंच कुणीतरी म्हणालं, "त्याचं काय आता, टोटल लॉस." दोघं-तिघं हसले. वाईट हेतू नव्हता, हे मला माहीत आहे. पण शब्द माझ्या टेबलावरचा होता, म्हणून जास्त लागला.

आमच्याकडे कुठलीही गाडी टोटल लॉस ठरवण्याआधी सर्व्हेअर जातो. बॉनेट उघडतो, फोटो काढतो, एकेका पार्टचा खर्च मांडतो. या मुलाकडे तीन वर्षांत किती जण जाऊन बसले? सर्व्हे न करता निकाल! आणि या शब्दाचा अर्थ 'वस्तू संपली' असा नाही, 'मला खर्च परवडत नाही' असा आहे. माणसाबद्दल तो वापरला की आपण त्याच्याविषयी काहीच सांगत नाही, स्वतःविषयी सांगतो.

कुणी म्हणेल, एवढा कीस काय काढायचा, बोलण्याची पद्धत असते. मान्य. माझा फोन पडला तर त्याची वाट लागली असं मीही म्हणते, फोनला काही वाटत नाही. आणि मराठी धुतल्या तांदळाची आहे असंही नाही. 'वाया गेलेला', 'कामातून गेला' हे आपले अस्सल शब्दही निकालाचेच आहेत, आणि तेही आपण सर्व्हेअर न पाठवताच वापरतो. मुद्दा इंग्रजी-मराठीचा नाही. फुटला, तुटला, थकला, खचला म्हणा. हे शब्द काय झालं ते सांगतात आणि पुढचं मोकळं ठेवतात. निकालाचे शब्द गाड्यांसाठी ठेवा.

तो सध्या सकाळी दोन तास एका ओळखीच्यांच्या दुकानाचे हिशेब लिहितो. दुपारी झोपतो. मागच्या रविवारी फोन केला तर पाच मिनिटं बोलला, आधी एक मिनिटही बोलत नसे.

पुढच्या महिन्यात पुन्हा घरात कार्य आहे, सगळे भेटूच. त्याच्याबद्दल विषय निघाला तर "थकला होता, आता बरा होतोय" एवढंच म्हणा. आणि त्याआधी जमलं तर एखादा फोन त्यालाच करा. संध्याकाळी सहानंतर केलात तर उचलतो.